शेवटाचा रकाना

रविवारी बारा वाजेपर्यंत आमच्या घरात फोडणी पडायची नाही, असा मी नियम केला होता. उदबत्ती लावायची नाही, फिनेलनं फरशी पुसायची नाही, कांदा चिरायचा नाही. अकरा ते बारा मी जेवणाच्या टेबलाशी व्हिस्की हुंगत बसायचो आणि तेवढ्या वेळात घराला कसलाही वास असू नये अशी माझी अपेक्षा असायची. दहा-बारा वर्षं हे चाललं. बायको देवपूजा पहाटेच उरकून घ्यायची आणि बाराच्या ठोक्याला स्वयंपाकघरात मोहरी तडतडायची. त्या तडतडण्यात तिचा राग असणार हे मला आज कळतं. तेव्हा मला एवढंच वाटायचं की रविवारचं जेवण उगाच उशिरा मिळतं.

मी बेवडा नव्हतो. हे वाक्य बेवडेच जास्त म्हणतात, पण माझ्या बाबतीत ते खरं होतं. नोकरी सरकारी कचेरीत, त्यामुळं वरचे साहेब आणि बाहेरचे कंत्राटदार यांच्याबरोबर बसावं लागे. लोक तीन-तीन पेग रिचवायचे तोवर मी एकच ग्लास नाकाशी धरून बसलेला असायचो. एक साहेब म्हणाले होते, "हे पीत नाहीत, पंचनामा करतात." ते मला फार आवडलं. निवृत्त झालो, पडेगावच्या घरावर मजला चढवला, आणि पंचनामाच करायचा तर रीतसर करू म्हणून पिण्याचा आयुष्यभराचा परवाना काढून आणला. प्रकृती राखण्यासाठी हा परवाना देतात असं त्यावर लिहिलेलं असतं. बायकोनं तो दोनदा वाचला आणि म्हणाली, "मग फ्रेम करून देवाजवळ लावा की."

तिचं माहेर सिल्लोडकडचं, शेतकऱ्याचं. तिच्या वडिलांनी दारू पिणाऱ्याला कधी ओसरीवर बसू दिलं नाही. माझा ग्लास ती धुवायची नाही. तो मीच विसळायचो आणि वेगळ्या फळीवर ठेवायचो. त्यावरून आमच्यात भांडण नव्हतं. ज्यावर भांडावं असे विषय आम्ही फार पूर्वीच बंद करून टाकले होते.

माझी एक वही होती. प्रत्येक पानावर चार रकाने आखलेले: रंग, वास, चव, शेवट. शेवट म्हणजे घोट गिळल्यावर घशात आणि नाकात जे मागं राहतं ते. चांगल्या व्हिस्कीचा शेवट लांबतो, वाईट व्हिस्की गिळली की संपते. पद्धत ठरलेली होती. खाली पोट आणि वर आवळलेलं तोंड असा छोटा ग्लास घ्यायचा, त्यात तळ झाकेल एवढीच ओतायची आणि वर स्टीलची वाटी ठेवून दहा मिनिटं वास कोंडू द्यायचा. मग वाटी उचलून, तोंड किंचित उघडं ठेवून हुंगायचं. मग घोट, मग दोन थेंब पाणी, आणि पुन्हा पहिल्यापासून.

ही टिपणं मी फेसबुकवरच्या एका मराठी ग्रुपवर टाकायचो. ग्रुप चालवणाऱ्या गृहस्थाचं क्रांती चौकात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, वयानं माझ्याहून पंचवीस वर्षांनी लहान. महागडी बाटली एकट्याला झेपत नाही म्हणून तो दहा जणांत मिळून एक घ्यायचा, होमिओपॅथीच्या छोट्या बाटल्यांत वाटायचा, वर नुसता नंबर टाकायचा आणि घरोघर पोचवायचा. कोणती व्हिस्की ते सगळ्यांची टिपणं आल्यावर सांगायचा. ग्रुपवरचे निम्मे लोक फोटो टाकणारे. मागं बाल्कनी, पुढं शेंगदाणे, मधे बाटली. उरलेल्यांतले निम्मे कोलात बुडवून पिणारे आणि वर मला "काका, फिनिश कशी वाटली?" विचारणारे. पण पंधरा-वीस माणसं अशी होती की बाटली घेण्याआधी थांबायची. म्हणायची, काकांनी काय लिहिलंय बघू. निवृत्त माणसाला घरात आज भाजी कोणती आणायची हेसुद्धा कुणी विचारत नाही. माझ्या शब्दावर कुणी काही ठरवतं अशी जगात ती एकच जागा उरली होती, आणि ती जाऊ नये म्हणून मी काहीही केलं असतं. पुढं केलंही.

खरं सांगायचं तर तेव्हाची माझी टिपणं टुकार होती. परदेशी लोकांचं वाचून लिहायचो: व्हॅनिला, हिरवं सफरचंद, ओकचं लाकूड. ओकचं झाड मी जन्मात पाहिलेलं नाही. पण शब्द वजनदार दिसायचे, लोक अंगठा दाखवून पुढं जायचे आणि मी दिवसभर अंगठे मोजत बसायचो.

मग ती साथ आली. दुसऱ्या लाटेत आम्ही दोघंही आडवे झालो. बायको आठ दिवसांत उठली. मीही उठलो, पण माझा वास गेला. पहिल्यांदा कळलं ते दुधामुळं. दूध उतू जाऊन भांडं करपलं, शेजारीण भिंतीपलीकडून ओरडली, आणि मी गॅसपासून चार पावलांवर पेपर वाचत बसलो होतो. डॉक्टर म्हणाले, येईल परत, महिना लागेल, सहा महिने लागतील. मी रोज सकाळी उठून साबण हुंगायचो, रॉकेलचा डबा हुंगायचो, चप्पल हुंगायचो. काही नाही. व्हिस्की तोंडात घेतली की किंचित गोड, किंचित कडू आणि घशाला जाळ, एवढंच कळायचं. आजही एवढंच कळतं.

ग्रुपवर हे सांगायला हवं होतं. सरळ लिहायचं, मंडळी, माझं नाक बंद पडलंय, सुट्टी घेतो. बऱ्याच जणांचं पडलं होतं, त्यात लाज कसली? पण मला वाटलं, एकदा सुट्टी घेतली की ही माणसं दुसऱ्या कुणाला तरी विचारायला लागतील. म्हणून सुरुवातीला जुन्या वहीतलं उचलून, फिरवून लिहिलं. पण वाटलेल्या बाटल्यांवर नुसता नंबर. आत काय आहे हेच माहीत नाही, तर जुनं काय उचलणार? एका रविवारी ग्लासात ओतून, वाटी झाकून, अकरा ते साडेअकरा मी नुसता त्याच्याकडं बघत बसलो. शेवटी स्वयंपाकघराच्या दारात गेलो आणि म्हणालो, "जरा एक काम होतं."

"मी नाय हात लावणार," ती म्हणाली. तिला वाटलं ग्लास धुवायला सांगतोय.

"हात नको लावू. मी धरतो. फक्त वास घे आणि कसला येतो ते सांग."

पदर नाकाला लावून ती आली, मग पदर बाजूला केला, लांबूनच हुंगलं आणि तोंड वाकडं केलं. "शी! सरकीची ढेप. भिजवून रात्रभर ठेवलेली."

मी म्हणालो, "आणखी?"

तिनं माझ्याकडं चमकून पाहिलं. आणखी काय असं मी तिला बऱ्याच वर्षांत विचारलं नसावं. पुन्हा वाकली. "गुळाच्या ढेपेला गुंडाळलेलं गोणपाट असतं ना, त्याचा. अन् नव्या वहीचा. शाळेतल्या." मग एकदम म्हणाली, "अहो, ह्याच्यात तांब्याचं बी हाय काहीतरी. घंगाळातलं पाणी निवल्यावर येतो तसा."

मी सगळं वहीत उतरवलं आणि दुपारी ग्रुपवर टाकलं. संध्याकाळपर्यंत जे झालं ते माझ्या दहा वर्षांच्या टिपणांना कधी झालं नव्हतं. लोकांनी लांबलचक उत्तरं लिहिली. कुणाला आजोळचा गोठा आठवला, कुणाला गूळ आठवला. ग्रुप चालवणाऱ्यानं फोनच केला. "काका, क्या बात है! आजारपणानंतर तुमचं नाक उघडलं बघा. एकदम वेगळंच लिहिलंत." मी म्हणालो, "हो, जाणवतंय मलाही." इतक्या सहज म्हणालो की माझं मलाच नवल वाटलं.

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. पुढचे सात-आठ महिने दर रविवारी अकरा वाजता ती पदराला हात पुसत यायची आणि मी ग्लास तिच्या नाकाखाली धरायचो. एक थेंब तिनं कधी ओठाला लावला नाही. पण वासात तिला काहीतरी सापडायला लागलं होतं. पावसात भिजलेली जिनिंगमधली सरकी. भाजलेल्या कणसाची शेतात पडलेली पानं. मामाच्या ट्रंकेतली डांबरगोळी आणि तिच्या खाली ठेवलेलं लग्नाचं धोतर. एकदा म्हणाली, "हा एसटीतल्या सीटचा वास. उन्हाळ्यात दार उघडल्या उघडल्या येतो तो." आणि खळखळून हसली. चाळीस वर्षांच्या संसारात आम्ही जेवढं बोललो नसू तेवढं त्या महिन्यांत ती माझ्याशी बोलली. तिचं लहानपण, तिची शाळा सुटली ते वर्ष, तिची विहिरीत पडलेली मैत्रीण, हे सगळं मला व्हिस्कीच्या ग्लासावरून कळलं. ती मला ते सांगत होती. आणि मी, खोटं कशाला बोलू, ऐकत नव्हतो. मला मजकूर मिळत होता. तिचं वाक्य अर्धं झालं की मी मनात पुढच्या शब्दाची निवड करत असायचो.

एकदा मी लिहिलं होतं, "आमच्या सौभाग्यवतीचं म्हणणं असं की." लिहून खोडलं. दारूचा थेंब न शिवलेल्या बाईच्या नाकावर हा माणूस मत देतो असं कळलं असतं तर त्या पंधरा-वीस माणसांनी काय खिदळून घेतलं असतं! नाकापेक्षा मोती जड झाला असता, असं मी स्वतःला समजावलं. ती फेसबुक बघत नव्हती. मी हे सगळं कुठं टाकतो असं तिनं एकदाच विचारलं होतं, मी म्हणालो, आमच्या पेन्शनर लोकांचं असतं काहीतरी. ती बरं म्हणाली.

मग सतरा नंबरची बाटली आली. नंतर कळलं की ती स्कॉटलंडच्या एका बेटावरची होती. तिथं बार्ली सुकवायला दलदलीतली माती जाळतात, त्यामुळं त्या व्हिस्कीला धुराचा आणि औषधाचा वास येतो. मला अर्थातच काही येत नव्हतं. मी नेहमीसारखी वाटी उचलली आणि ग्लास पुढं केला. बायको वाकली आणि तशीच राहिली. मग तिनं माझ्या हातातून ग्लास काढून स्वतःच्या हातात घेतला. हे तिनं आधी कधी केलं नव्हतं. खुर्ची ओढून बसली.

"हा बाळंतिणीच्या खोलीचा वास हाय," ती म्हणाली.

मी पेन उघडलं.

"गवऱ्यांचा विस्तव शेगडीत. त्याच्यावर ओवा, बाळंतशेपा, लसणाची सालं. आई दार लावून घ्यायची. लई धूर. डोळे चुरचुरायचे. अन् कोनाड्यात टिंचरची बाटली, नर्सबाईनं ठेवलेली, तिचं बूच नीट बसत नव्हतं." ती थांबली. मी लिहीत होतो. "न्हाऊ घातली की आई तिला दोन्ही हातांवर आडवी घ्यायची अन् धुरीवरून फिरवायची. पोरं रडतात. ती रडायची नाय. नुसती बघायची. तिला लई केस होते."

हे कोणाबद्दल चाललंय ते मला कळलं होतं. आमचं पहिलं बाळंतपण तिच्या माहेरी झालं होतं. मुलगी झाल्याचं पत्र आलं तेव्हा मी इथंच होतो, शहरात. सिल्लोडची एसटी तासातासाला होती. पण माझी आई म्हणाली, पुरुष बारशाला जातात, त्याआधी नाही. आणि मुलगीच तर आहे, घाई कसली. मला ते पटवून घ्यायला काही जड गेलं नाही. बारशाला अजून तीन दिवस होते तेव्हा निरोप आला की मुलगी गेली, नवव्या दिवशी. मी बायकोला आणायला गेलो तेव्हा तिथं काहीच नव्हतं, खोली सारवलेली होती. माझ्या आईनं आमच्या सगळ्या घराला बजावलं, हिच्यासमोर तो विषय काढायचा नाही. पुढं मुलगा झाला, तो शिकला, पुण्याला गेला. विषय कुणी काढला नाही. बायकोला त्रास नको म्हणून काढत नाही, असं मी समजत आलो. खरं म्हणजे ते मला सोयीचं होतं.

तर चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिनं आपणहून त्या मुलीचं काही सांगितलं, आणि मी काय केलं? मी रंग लिहिला होता, वास भरला होता, चवीत नेहमीचं गोड-कडू टाकलं होतं. एक रकाना रिकामा होता. मी पेन कागदावर तसंच टेकवून विचारलं, "आणि शेवटी काय राहतं?"

दर रविवारी मी तिला हे विचारायचो. तेच शब्द, तोच आवाज. ती उत्तर द्यायची, घशात नाही तरी नाकात काय उरलं ते. तोंडाला सवय होती आणि सवयीनं प्रश्न बाहेर पडला. दुसरा कुठलाही माणूस असता तर त्याच्या हातून पेन तरी पडलं असतं.

तिनं माझ्याकडं पाहिलं, मग वहीकडं पाहिलं. ग्लास टेबलावर ठेवला. "काय नाय राहत," म्हणाली आणि आत गेली.

मी तो रकाना रिकामा सोडायला हवा होता. निदान त्या दिवशी. पण दुपारी टिपण टाकायचं होतं. मी बसून विचार केला आणि लिहिलं: "आणि मग शेवट. लांब, मऊ, शांत. धुरी घेऊन गाढ झोपलेल्या बाळाच्या खोलीतली शांतता." लिहिल्यावर मला स्वतःचाच अभिमान वाटला. बाकी सगळं तिचं होतं, हे एक वाक्य माझं होतं.

ते टिपण फार गाजलं. ग्रुपच्या बाहेर गेलं, व्हॉट्सॲपवर फिरलं. ज्यांनी आयुष्यात व्हिस्की पाहिली नाही अशा बायकांनीही ते एकमेकींना पाठवलं म्हणे. आणि बहुतेक सगळे त्या शेवटच्या वाक्याबद्दल बोलत होते.

बायको दोन रविवार आली नाही. गुडघा दुखतो म्हणाली. तिसऱ्या रविवारी आली आणि ग्लास हुंगून एवढंच म्हणाली, "दारूचा वास येतो." मला राग आला. नीट सांगत नाही म्हणून राग आला, हे लिहायलाही आता कसंतरी होतं.

वर्षाच्या अखेरीस ग्रुप चालवणाऱ्यानं क्रांती चौकाजवळच्या एका हॉटेलात दुपारचा मेळावा ठेवला. सहकुटुंब या म्हणाला. वर्षातल्या उत्तम टिपणाला शाल-श्रीफळ देणार होता आणि ते मला आहे हे त्यानं आधीच सांगितलं होतं. मी तिला म्हणालो, माझा सत्कार आहे, पेन्शनरांचा. तिनं ठेवणीतली हिरवी साडी नेसली. तिकडं पुरुषांची टेबलं एका बाजूला, त्यांच्यासमोर ग्लास, आणि बायकांची टेबलं दुसऱ्या बाजूला, त्यांच्यासमोर लिंबू सरबत आणि कटलेट. बायको दारातच समजली की हे पेन्शनर नव्हेत. जाऊन बायकांत बसली.

मला वाटलं होतं नुसती शाल पांघरतील. पण त्या गृहस्थानं माइक घेतला आणि म्हणाला, ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी काकांचं टिपण मी वाचूनच दाखवतो. मी हातानं नको नको केलं. लोकांना तो विनय वाटला.

त्यानं वाचलं, चांगलं वाचलं. शेगडी, ओवा, बाळंतशेपा, लसणाची सालं, टिंचरचं सैल बूच. मी बायकोकडं बघत होतो. पहिल्या वाक्याला तिनं हातातलं कटलेट बशीत ठेवलं. "दोन्ही हातांवर आडवी" आलं तेव्हा तिनं बशी बाजूला सरकवली. शेवटचं वाक्य त्यानं सावकाश, थांबून वाचलं, आणि टाळ्या झाल्या. तिच्या टेबलावरच्या बायकांनीही वाजवल्या. एक जण डोळे पुसत होती.

"काकू, तुम्ही दोन शब्द बोला ना," तो माइक घेऊन तिच्याकडं गेला. "असा माणूस घरात आहे तुमच्या."

तिनं मान हलवली. सगळे हसले, काकू लाजल्या म्हणाले.

रिक्षा निघाली. छावणी गेली, पडेगावचा फाटा आला, तिनं रिक्षावाल्याला वळण सांगितलं, बस्स. घरी आल्यावर तिनं शालीची नीट घडी केली, नारळ ओट्यावर ठेवला, साडी बदलली आणि बाहेर येऊन टेबलाशी बसली. त्याच खुर्चीत.

"तुम्ही लिवलं गाढ झोपलेलं बाळ," ती म्हणाली.

मी म्हणालो, "ते आपलं असंच. लिहिण्याच्या ओघात."

"त्या दिवशी धुरी दिली अन् आईनं तिला माझ्याजवळ ठेवलं. म्हणली, बघ, निजली. मी म्हणलं, निजू द्या. रात्रभर जागली होती. आईनं दार पुढं केलं. घरात कुणी मोठ्यानं बोललं नाय. दुपारी अंगावरचं दूध दाटून आलं, छाती दुखायला लागली, म्हणून मी तिला उचलली." ती टेबलावरची रेघ बोटानं पुसत होती. "ती निजलेली नव्हती."

मी म्हणालो, "मला हे माहीत नव्हतं."

"कसं राहील?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "विचारलं का कधी?"

ते टिपण मी त्याच संध्याकाळी काढून टाकलं. त्यानं काही झालं नाही. लोकांनी ते उतरवून घेतलं होतं, अजूनही कुठून कुठून येतं, कधी दुसऱ्याच कुणाच्या नावानं. मागच्या महिन्यात माझ्या साडूनं मला पाठवलं, खाली लिहिलं होतं, "वाचा, काय सुंदर आहे." ग्रुपवर मी नाकाचं खरं सांगितलं आणि बाहेर पडलो. बायकोचं मात्र सांगितलं नाही. तेवढं धाडस तेव्हाही झालं नाही. त्या पंधरा-वीस माणसांना दुसरे काका मिळाले असतील. मला आता त्याचं काही वाटत नाही, असं म्हणवत नाही, वाटतं. पण बोलायला तोंड नाही.

घरात बोलणं पुन्हा पहिल्यासारखं झालं. गॅस संपला, पाणी आलं, मुलाचा फोन येऊन गेला. तिचा अबोला नव्हता. अबोला असता तर तो धरला म्हणता आला असता, सोडवता आला असता. तिनं फक्त जास्तीचं काही सांगायचं थांबवलं.

परवा दुपारी ती तांदूळ निवडत बसली होती. मी समोर बसलो. बराच वेळ जुळवाजुळव करून म्हणालो, "एक विचारू का? बारसं झालं नव्हतं हे खरं. पण नऊ दिवस तू तिला काहीतरी म्हणून हाक मारत असशील. काय म्हणायचीस?"

तिचा हात ताटात थांबला. माझ्या तोंडाकडं तिनं नीट, निरखून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"कशाला?" तिनं विचारलं. "लिवायचंय?"

मी नाही म्हणालो. शपथेवर नाही म्हणालो. तिनं आणखी थोडा वेळ पाहिलं आणि खाली मान घालून पुन्हा खडे वेचायला लागली. नाव तिनं सांगितलं नाही. बरं केलं. कारण नाही म्हणालो त्याला आज तिसरा दिवस आहे, आणि हे मी लिहूनसुद्धा झालं.